ओल्या जॅकेटाचं वजन

वजनमापं खात्याच्या निरीक्षकाला दुकानात कोणी ‘या, बसा’ म्हणत नाही असं नाही. म्हणतात, पण म्हणता म्हणता काट्यावरचा अंगठा काढून घेतात. एकवीस वर्षं हा गृहस्थ वजनांची पेटी घेऊन बाजारपेठेत हिंडत होता, आणि तो उंबरठ्यावर दिसला की आतल्या गप्पा दिवा मालवावा तशा बंद होत. फळवाला उगाच फळं मोजायला लागे, धान्यवाला स्वच्छ काटा पुन्हा पुसायला घेई, आणि चहावाला त्याच्यापुढे जो कप ठेवी तो इतका काठोकाठ असे की उचलायची सोय नसे. पहिला घोट खाली वाकून, जागेवरच घ्यावा लागे. एकवीस वर्षांत त्याला कुणी कमी मापून दिलं नव्हतं आणि कुणी विनोदही सांगितला नव्हता.

म्हणून त्याला रविवार लागे.

चार वर्षांपूर्वी गुडघ्याच्या डॉक्टरांनी ‘सायकल चालवा’ म्हणून सांगितलं. त्यांच्या मनात घरातली, जागच्या जागी फिरणारी सायकल असावी. निरीक्षकाने सूचनेतला जो भाग सोयीचा नव्हता तो ऐकला नाही आणि जाड टायरांची, डोंगर चढणारी सायकल घेतली. गावामागच्या डोंगरावर दर रविवारी आठ जणांचा एक गट जाई. त्यात तो आठवा. तिथे त्याच्या खात्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. उलट त्याचा धंदा आणि त्याची प्रकृती दोन्ही एकदम लक्षात घेऊन गटाने त्याचं नाव ‘तोळामासा’ ठेवलं होतं, आणि हाक मारली की तो वळून बघे तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर बढतीचा कागद मिळाल्यासारखं समाधान असे.

गटाची प्रमुख दातांची डॉक्टर होती. ठेंगणी, चाळिशीतली, कमी बोलणारी. समोरच्याचं तोंड उघडं आणि आपण बोलायचं, अशी संभाषणाची सवय असल्यामुळे तिला उलट उत्तर ऐकायचा सराव नव्हता. डोंगरमाथ्यावर हिवाळ्यात वारा बोचतो. गारठलेल्या माणसाची बोटं ब्रेक नीट दाबत नाहीत. तीन वर्षांपूर्वी असाच एक गारठलेला उतारावर तिच्या अंगावर आला होता, आणि दोघं झुडपात गेली होती. तेव्हापासून तिने नियम केला. हातमोज्यातला हात खोटं बोलतो, चेहराही बोलतो. दात बोलत नाहीत. हिवाळ्यात ज्याचे दात वाजले त्याच्या नावावर एक खूण. दोन खुणा झाल्या की थंडी सरेपर्यंत माथा बंद, खालचा रस्ता.

आता खालचा रस्ता म्हणजे काही काळं पाणी नव्हतं. कालव्याच्या कडेने जाणारा सपाट, गुळगुळीत रस्ता. वर दोन्ही बाजूंना झाडं. तिथेही रविवारी एक गट जाई. त्याला ‘पायथा मंडळ’ म्हणत. अडचण एवढीच की पायथा मंडळात अकरा जण होते आणि अकराही निवृत्त दुकानदार होते. त्यांतल्या सातांचे काटे निरीक्षकाने कधी ना कधी जप्त केले होते. तिथे तो गेला असता तर सगळ्यांनी त्याला अदबीने पुढे जाऊ दिलं असतं, आणि मार्च उजाडेपर्यंत एक शब्द बोलले नसते.

त्या हिवाळ्याच्या पहिल्याच रविवारी त्याला पहिली खूण मिळाली.

अंगात जॅकेट होतं ते गादीसारखं जाड, बाहेरून मेणकापडासारखं चकचकीत. वर पोचेपर्यंत तो मजेत होता. माथ्यावर धुकं आणि वारा. पाच मिनिटांनी त्याच्या तोंडातून जुन्या कचेरीत टंकलेखन चालावं तसा आवाज यायला लागला. डॉक्टर वीस पावलांवर पाठमोरी उभी होती. ती वळलीही नाही.

“तोळामासा,” ती म्हणाली, “खूण एक.”

घरी येऊन त्याने जॅकेट खुर्चीवर आपटलं. “फसवलं मला. पाणी आत शिरलं.”

त्याची बायको इस्पितळाच्या धुलाई विभागाची प्रमुख होती. रोज नऊशे चादरी तिच्या हाताखालून जात. ओलं कापड तिच्याशी खोटं बोलू शकत नसे. तिने जॅकेट उचललं, बाहेरून हात फिरवला, मग उलटं केलं.

“बाहेरून तर कोरडं ठणठणीत आहे.”

“वाळलं असेल वाऱ्याने.”

“अहो, बाहेरून वाळायचं आणि आतून चिंब राहायचं, असा पाऊस मी तरी नाही पाहिला.” तिने कॉलर नाकाशी नेली. मग, लाज न बाळगता, जिभेचं टोक लावलं. “खारट.”

“म्हणजे?”

“पाऊस खारट नसतो. हे तुमचंच आहे सगळं.”

दुसरा कुणी असता तर त्याला राग आला असता. निरीक्षकाला कुतूहल वाटलं. कुठलीही गोष्ट ऐकली की तिचं चांगलं-वाईट ठरायच्या आधी ‘किती?’ हा प्रश्न त्याच्या मनात येई. लग्न ठरवायला गेला तेव्हाही त्याने मुलीला ‘आवडी काय?’ न विचारता ‘इथून बसथांबा किती पावलं?’ असं विचारलं होतं. तिने चारशे दहा सांगितली. परतताना त्याने मोजली, चारशे सहा भरली, आणि त्याने होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर त्याने हुकाचा काटा स्वयंपाकघराच्या दाराला टांगला. आधी शंभर ग्रॅमचं प्रमाणित वजन लावून काटाच तपासला, कारण स्वतःच्या काट्यावर विश्वास ठेवणारे लोक त्याने फार पाहिले होते. कोरडं जॅकेट भरलं अकराशे चाळीस ग्रॅम. मग तो पाण्याच्या टाकीमागचा चढ चाळीस मिनिटं चढला, उतरला, आणि हेल्मेटसकट काट्यापुढे उभा राहिला. तेराशे पंच्याण्णव.

“दोनशे पंचावन्न,” तो हळूच म्हणाला.

“काय दोनशे पंचावन्न?” बायको भाजी चिरत होती.

“पाव किलोवर पाच ग्रॅम. घाम.”

“सांडू नका इथे.”

तो स्टुलावर बसला. दहा ग्रॅमसाठी त्याने भल्याभल्यांचे परवाने रोखले होते, आणि इथे त्याच्या स्वतःच्या पाठीवरून पाव किलो माल बिनबोभाट वर जात होता. जॅकेट थंडी आत येऊ देत नव्हतं हे खरं. पण आतलंही काही बाहेर जाऊ देत नव्हतं. चढताना माणूस भिजत होता आणि माथ्यावर थांबला की ते पाव किलो पाणी बर्फासारखं पाठीला चिकटत होतं. मग प्रश्न उरला तो असा, की कुणाच्या पाठीवर किती?

पुढच्या रविवारी धुक्यामुळे गट अर्ध्यातूनच परतला. गाड्या लावायच्या जागेत निरीक्षकाने आपल्या गाडीच्या उघड्या दाराला काटा टांगला आणि घसा साफ केला.

“प्रत्येकाचं जॅकेट एकदा द्या. सकाळी निघताना कोरडी वजनं घेतलीच आहेत, आता ओली.”

“म्हणजे सकाळी तू माझं जॅकेट ‘बघू, बघू’ म्हणत काट्याला लावलंस ते याच्यासाठी होय रे?” छपरवाला म्हणाला. “मला वाटलं, आवडलं तुला.”

हा छपरवाला गटातला सगळ्यांत वडील. साठी उलटलेला, चाळीस वर्षं लोकांच्या घरांवर चढून कौलं बसवलेला. त्याला दात वाजण्याचा नियम लागू नव्हता. त्याची कवळी डॉक्टरनेच बसवली होती, आणि सायकलवर तो ती डबीत घालून खिशात ठेवी.

सात जण रांगेत उभे राहिले. रांगेत ढकलाढकली झाली, ‘ए, खिशातली किल्ली काढ, लबाडी नको’ असे आरोप झाले. निरीक्षकाचा आकडा ऐकताच लोक हसत होते, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. संगीताच्या मास्तरांचं जॅकेट सकाळपेक्षा एकशे साठ ग्रॅमनी वाढलेलं. डॉक्टरचं एकशे नव्वद.

“जुनं झालंय माझं,” डॉक्टर म्हणाली. “नवं घेते.”

सगळ्यांत शेवटी छपरवाल्याचं. कोपरावर ठिगळ, बगलेत उसवलेलं, मूळचा रंग कोणता होता यावर दोन मतं असलेलं पातळ विंडचीटर. निरीक्षकाने आकडा पाहिला, काटा काढला, झटकला, पुन्हा टांगला.

“एकतीस ग्रॅम.”

“बघ,” छपरवाला म्हणाला. “आणि तुम्ही मला म्हणता नवीन घे.”

“कापड कसलं आहे हे?”

“कापडाचं काय घेऊन बसलास! बगलेत भोक आहे. आणि मी निघतो तेव्हा कुडकुडत निघतो.”

“कुडकुडत?”

“मग! छपरावर चढताना जो खालीच ऊबदार होऊन येतो, तो वर घामाने भिजतो आणि दुपारी आजारी पडतो. निघताना थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर एक कपडा काढ. जाडं काय ते पिशवीत, आणि वर पोचून थांबलास की लगेच अंगावर. एवढंच शास्त्र आहे, त्याला काटा कशाला?”

निरीक्षकाने काटा पिशवीत घातला. आकडा त्याला पटला होता; पटत नव्हती ती पद्धत. थंडी वाजत असताना घराबाहेर पडायचं, ही कल्पना त्याच्या घरात कुणाला कधी सुचली नव्हती. त्याच्या आईने तो लहान असताना त्याला शाळेत पाठवलं ते गाठोडं बांधून पाठवावं तसं. त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही हे दिसलं की तिला हायसं वाटे. आई गेली, पण तिचं खातं ताईकडे आलं. ताई म्हणजे त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी बहीण, खालच्या मजल्यावर राहणारी. तिच्या दारावरून गेल्याशिवाय रस्त्यावर जाता येत नसे.

तरी बुधवारी तो खेळाच्या दुकानात गेला.

या दुकानात त्याला कधी काम पडलं नव्हतं. तिथे काही तोलून विकत नाहीत. पण दुकानदार त्याला ओळखत होता. गावात त्याला न ओळखणारा दुकानदार म्हणजे गाव सोडून गेलेला दुकानदार. निरीक्षकाने पिशवीतून काटा काढला तेव्हा दुकानदाराचा चेहरा उतरला.

“साहेब, माझ्याकडे काटाच नाही.”

“माझ्याकडे आहे. जॅकेटं दाखवा. डोंगरावर सायकल चालवायची, हिवाळ्यातली.”

“कुणी तक्रार केली का?”

“माझ्या बायकोने,” निरीक्षक म्हणाला. ते खरंच होतं.

यापुढचा अर्धा तास त्या दुकानाच्या इतिहासात अपूर्व असावा. दुकानदार एकेक जॅकेट काढी आणि निरीक्षकाने तोंड उघडायच्या आत त्याच्याविरुद्ध साक्ष देई.

“हे साहेब, पाणी आत येऊ देत नाही. लिहिलंय ते खोटं नाही. पण आतली वाफ बाहेर जाते असं जे लिहिलंय ना, ते कारखान्यात पंखा लावून गेली असेल. आपल्या चढावर नाही जात. हे तीन थरांचं. पण तिसरा थर म्हणजे, खरं सांगू का, आतली छपाई. हे उबदार आहे, फार उबदार. बसथांब्यावर उभं राहायला उत्तम. हे मी स्वतः वापरतो.”

“कसं आहे?”

“वाईट आहे, साहेब.”

“मग चढताना घालायला चांगलं कोणतं?”

दुकानदाराने इकडेतिकडे पाहिलं. खांदे पाडून तो मागच्या कोठीत गेला आणि एक पातळ, राखाडी, अगदीच गरीब दिसणारं जॅकेट घेऊन आला. “हे कुणी घेत नाही. हातात घेतलं की लोकांना वाटतं, एवढ्याशा कापडाचे पैसे कशाला. पुढून वारा अडवतं. पाठीला जाळी आहे. आणि हे बघा, बगलेत चेनी आहेत, उघडल्या की हवा खेळते.”

निरीक्षकाने ते तोललं. दोनशे दहा. लेबलावर दोनशे दहाच होतं. त्याने मान वर करून दुकानदाराकडे आदराने पाहिलं. दुकानदाराने तो आदर धमकी म्हणून घेतला.

“घालून बघतो,” निरीक्षक म्हणाला. आरशापुढे सरळ उभं राहून कुठलंही जॅकेट बरंच दिसतं, पण सायकलवर माणूस सरळ उभा नसतो. त्याने एक स्टूल मागून घेतलं, त्यावर बसला, दोन्ही हात पुढे करून नसलेलं हँडल धरलं आणि ओणवा झाला. “पाठीमागे बघा. कंबर उघडी पडते का?”

“नाही, साहेब.”

“मनगट?”

“झाकलेलं आहे.”

“आता मी उतारावर आहे.” त्याने बूड उचललं, गुडघे वाकवले आणि मान वर केली. त्याच वेळी टेनिसचे चेंडू घ्यायला एक बाई आत आल्या. त्यांनी स्टुलावर अधांतरी बसलेले वजनमापं निरीक्षक पाहिले, घामाघूम दुकानदार पाहिला, आणि “मी नंतर येते” म्हणून निघून गेल्या.

दुकानदार किंमत कमी करायला लागला तेव्हा निरीक्षकाने त्याला ताडकन थांबवलं आणि छापील किंमत दिली. बाहेर पडताना तो म्हणाला, “तुमच्यासारखा सरळ दुकानदार मी पाहिला नाही.” हे वाक्य ऐकून दुकानदार त्या रात्री झोपला की नाही, कळायला मार्ग नाही.

मग माथ्याचा रविवार आला. रस्त्यावरच्या डबक्यांवर काचेसारखी पापडी धरली होती. निरीक्षक सकाळी सातला पातळ शर्ट, त्यावर ते राखाडी जॅकेट अशा वेशात जिन्यावर आला. जाडं जॅकेट पाठीवरच्या पिशवीत. बायको पुढे, तो मागे, दोघं आवाज न करता उतरत होती. ताईचं दार उघडंच होतं.

“हे काय?” ताई म्हणाली. “खिडकीचा पडदा गुंडाळून निघालास?”

“ताई, हे नवीन जॅकेट आहे.”

“वन्सं, जाडं आहे हो बरोबर,” बायको मध्ये पडली. “पिशवीत आहे.”

“पिशवीला थंडी वाजते होय?”

  निरीक्षकाने ताईला पाव किलोचं सांगून पाहिलं. ताई म्हणाली, घाम येतोय तर चांगलंच आहे, आतली घाण जाते. शेवटी बायकोने ताईचा दंड धरला, “वन्सं, ते दूध उतू जातंय का तुमचं?” असं म्हणत तिला आत वळवलं, आणि मागे न पाहता हाताने नवऱ्याला ‘पळा’ अशी खूण केली. पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेला सरकारी अधिकारी सायकल खांद्यावर घेऊन जिना धावत उतरला.

पायथ्याशी वारा सुटला होता. सगळे जण साखळ्यांना तेल घालत, हातमोजे चढवत उभे होते. छपरवाल्याच्या सांगण्याप्रमाणे निरीक्षकाला थंडी वाजत होती. थोडी जास्तच. त्याला वाटलं, शास्त्र बरोबर चाललंय. आणि तेवढ्यात त्याचे दात वाजायला लागले.

डॉक्टर मास्तरांच्या हेल्मेटचा पट्टा आवळत होती. तिचे हात थांबले.

“कोण?”

सगळ्यांनी निरीक्षकाकडे पाहिलं. तो जबडा आवळून उभा राहिला, पण आवळलेला जबडाही थोडा थोडा वाजतो.

“तोळामासा,” डॉक्टर म्हणाली. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं. “खूण दोन.”

“डॉक्टर, आपण अजून निघालोच नाही.”

“नियम दात वाजण्याचा आहे. कुठे वाजले, त्याचा नाही.”

“मग नियम अपुरा आहे. पायथ्याशी दात वाजतील असं तो करताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.”

“तुमच्या कामात कुणी असं म्हटलं, तर तुम्ही ऐकून घेता?”

निरीक्षकाने विचार केला. एकवीस वर्षांत हे वाक्य त्याला शेकडो दुकानदारांनी ऐकवलं होतं. “नाही,” तो म्हणाला.

“मग?”

खालच्या रस्त्यावर पायथा मंडळ जमायला लागलं होतं. अकरा हेल्मेटं दिसत होती. त्यातल्या एकाने वर पाहिलं आणि निरीक्षकाला नमस्कार केला. लांबून, मान लववून.

निरीक्षकाने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्या हातात दिला. त्यावर आठ ओळी होत्या, ओल्या आणि कोरड्या वजनांच्या, ग्रॅममध्ये. “सगळ्यात कमी ओलं कोण झालं ते बघा,” तो दात आवरत म्हणाला, “आणि तो निघताना कसा होता ते त्याला विचारा.”

“कुडकुडत,” छपरवाला म्हणाला. “रोजच असतो. मला दात नाहीत म्हणून तुला ऐकू येत नाही, बाई. तूच काढलेस ना?”

डॉक्टरने कागद वाचला. एका ओळीवर ती जरा जास्त वेळ थांबली. ती तिचीच असावी. मग तिने कागद घडी करून परत दिला.

“तिसऱ्या वळणापर्यंत. तिथे वाजले तर तिथूनच खाली, आणि मग कागद दाखवायचा नाही.”

“कबूल.”

पहिल्या वळणापर्यंत त्याला वाटलं, ताईचं बरोबर होतं. वारा बाह्यांतून नव्हे, थेट हाडांतून जात होता. गुडघे आळीपाळीने नाराजी कळवत होते. त्याने गिअर हलका केला, दम बांधला आणि पुढच्या मास्तरांच्या मागच्या चाकावर नजर लावली. दुसऱ्या वळणाशी बोटांत मुंग्या आल्या; मुंग्या येणं म्हणजे रक्त येणं, असं त्याने ठरवून टाकलं. बगलेतल्या चेनी उघडल्या. गार हवेची एक झुळूक एका कुशीतून शिरून दुसऱ्या कुशीतून गेली, आणि त्याला चक्क बरं वाटलं.

तिसऱ्या वळणावर डॉक्टर पाय टेकून उभी होती. सगळे थांबले.  ती मान तिरकी करून ऐकत होती, आणि निरीक्षकही ऐकत होता. स्वतःच्या तोंडातून काय येतंय याबद्दल तिच्याइतकाच उत्सुक. वाऱ्याशिवाय काही नव्हतं. दात नेमके कधी थांबले, ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. एवढा एक आकडा घ्यायचा राहिला, म्हणून त्याला चुटपुट लागली.

“चला,” डॉक्टर म्हणाली.

माथ्यावर धुकं नव्हतं, नुसताच वारा. पोचल्या पोचल्या त्याने राखाडी जॅकेट काढलं आणि जाडं चढवलं. मग हनुवटीपर्यंत चेन ओढून तो दगडाच्या आडोशाला उभा राहिला. पाठ कोरडी. पोट कोरडं. खाली कालवा रेघेसारखा दिसत होता.

आणि मग तो आवाज आला.

बारीक, वेगात, टकटक. त्याने घाबरून स्वतःच्या जबड्याला हात लावला. जबडा गप्प होता. त्याने छपरवाल्याकडे पाहिलं; पण तिथे तर प्रश्नच नव्हता. मग त्याच्या लक्षात आलं की उरलेले सगळे एकाएकी निसर्गसौंदर्य बघायला लागले आहेत. मास्तर तर ढग असे बघत होते जणू कुणी स्वरलिपीत लिहून दिले आहेत.

डॉक्टर पाठमोरी उभी होती. अंगात तिचं नवं जॅकेट, शिवणी चिकटवून बंद केलेलं, एक थेंब आत न घेणारं. खांदे वर ओढलेले.

कुणी बोलणार नव्हतं हे उघड होतं. निरीक्षकालाही बोलायचं नव्हतं. खाली बाजारात तो हे असंच करत आला होता: सगळे नजर चुकवत असताना नको ते मोठ्याने म्हणणं. त्याबद्दल त्याला पगार मिळत असे, पण हाक मिळत नसे. डोंगरावर तो तसला माणूस नव्हता. शिवाय आजच, तासाभरापूर्वी, या बाईने त्याला राहू दिलं होतं. पण उतारावर झाडांच्या मुळांवरचं पाणी गोठलेलं होतं, आणि सगळ्यांत मागून, सगळ्यांच्या पाठीवर, त्या झुडपातल्या दिवसापासून नेहमी तीच यायची.

“डॉक्टर,” तो म्हणाला. “तुमचे.”

“माझे काय?”

“दात.”

वारा वाहत राहिला. छपरवाल्याने नाक शिंकरलं. डॉक्टर वळली. तिने हातमोजा काढला, दोन बोटं स्वतःच्या जबड्याच्या सांध्यावर ठेवली, रोग्याचा तपासावा तसा तो तपासला.

“वाजतायत,” ती शेवटी म्हणाली. “खूण एक. माझी.” मग जराशाने, “काटा आणलायत?”

आणला होता. तिने जॅकेट उतरवलं. छपरवाल्याने पिशवीतून आपला जास्तीचा, कोरडा, लोकरी, ठिगळाचा स्वेटर काढून तिच्या डोक्यातून घातला आणि वर स्वतःचं फाटकं विंडचीटर चढवलं, जरासं वडिलकीने. निरीक्षकाने तिचं नवं जॅकेट काट्याला लावलं. कोरडं वजन कुणी घेतलं नव्हतं, म्हणून लेबलावरचं धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने लेबलावरचं वजन न तपासता मान्य केलं.

“दोनशे तीस जास्त.”

“तुमचं?”

त्याने राखाडी टांगलं. “अडतीस.”

“मला हे नको होतं कळायला,” डॉक्टर म्हणाली आणि हसली. हसताना दात अजून वाजत होते, त्यामुळे ते हसू तुटक तुटक बाहेर आलं. मग मास्तर हसले, मग सगळेच. ढग बघायचं काम संपलं.

गारठलेल्या माणसाने उतरताना मध्ये राहायचं, हाही तिचाच नियम. तो तिने स्वतःला सांगितला आणि सायकल रांगेच्या मध्यावर नेऊन उभी केली. छपरवाला सगळ्यांत पुढे. आता शेवटची जागा रिकामी होती. शेवटी येणाऱ्याचं काम सोपं नसतं: पुढचा पडला तर त्याने उचलायचं, पुढचा रेंगाळला तर त्याने थांबायचं, आणि तो स्वतः पडला तर बघायला मागे कुणी नसतं.

“तोळामासा, शेवटी तुम्ही या.”

“मी?”

“मग कोण? तुमच्या नजरेतून सुटत नाही काही. आणि दिसलं तर तुम्ही बोलता.”

सगळे एकापाठोपाठ सुटले. निरीक्षकाने ब्रेक दोनदा दाबून पाहिले. बोटं सांगितलेलं ऐकत होती. पहिल्या उतारावर त्याला पुढे सात पाठी दिसल्या. वळणावर पाच झाल्या, तेव्हा तो थबकला, मान उंचावली. झाडाच्या बुंध्याआडून सहावी निघाली, मग सातवी. त्याने ब्रेक सोडले आणि त्यांच्यामागून निघाला.